मिरची गोदामाचा कायापालट

६ जानेवारी २०२५, सोमवार. सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. कारण आजपासून इतिहास.
बेगम बाजारातलं आमचं गोदाम काल रिकामं झालं. आजोबांनी वकिलीवर कमावलेली दुमजली इमारत. दर्शनी भागावर १९३१ साल कोरलेलं. चौऱ्याण्णव वर्षं आत एकाच व्यापारी घराण्याची सुकी मिरची होती. आता त्यांच्या नातवांनी शहराबाहेर कोल्ड स्टोरेज बांधलंय.
सुशीला म्हणाली, दुसरा भाडेकरू बघा. पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवल्यामुळे तिची दृष्टी उत्तरापाशी थांबते. माझी पुढे जाते. वरच्या मजल्यावर आम्ही दोघं राहणार: मॉडर्न लिव्हिंग. खाली इव्हेंट स्पेस. कमानी, सागवानी तुळया, उंच छत. लोकांना हल्ली हेच लागतं. नाव ठरलं: भालकीकर्स १९३१.
पहिला कार्यक्रम मेघनाचं लग्न. दिवाळीनंतर. मुलगा अजून मिळायचाय, पण हॉल मिळाला, म्हणजे मुख्य काम झालं.

१२ जानेवारी, रविवार
पहिली तांत्रिक पाहणी. सोबत मेघना (आमची एकुलती एक, गच्चीबावलीला सॉफ्टवेअर कंपनीत, वय एकोणतीस, सुटीच्या दिवशीही मोबाइलमध्ये डोकं) आणि प्रबुद्ध. प्रबुद्ध म्हणजे श्रीपतराव सोनकांबळ्यांचा मुलगा. श्रीपतराव वजनमाप खात्यात तीस वर्षं माझ्या हाताखाली इन्स्पेक्टर होते. मुलगा सिव्हिल इंजिनियर, जुन्या इमारतींची दुरुस्ती हेच काम.
त्याने भिंतीवर नख ओढलं आणि नऊ वेळा शिंकला. मग म्हणाला, काका, चुन्याच्या गिलाव्यात मिरची मुरलीय. सगळा गिलावा काढून, भिंती वर्षभर उघड्या ठेवून मग नवा करावा लागेल. मी म्हटलं, वर्षभर मुरवत ठेवायला हे काय लोणचं आहे. तो म्हणाला, हो काका. नम्र मुलगा. व्हिजन नाही, पण नम्र. ड्रॉइंग पाठवायला म्हणून मेघनाचा नंबर घेतला. माझा का नाही घेतला ते कळलं नाही. फाइल मोठी असेल.

२० जानेवारी, सोमवार
हिम्मतरावांची फॅसिलिटी मॅनेजर म्हणून नेमणूक. हे गोदामात चाळीस वर्षं काट्यावर बसून पोती तोलायचे. व्यापारी गेले, हे दारातल्या कट्ट्यावर बसलेलेच राहिले. मिरचीचा त्यांच्यावर काडीचा परिणाम नाही. मी त्यांना पदाच्या जबाबदाऱ्या पाऊण तास समजावल्या. शेवटी म्हणाले, हौ साब, पण बसायचं हितंच ना. मी हो म्हटलं. लगेच जॉइन झाले.

३ फेब्रुवारी, सोमवार
प्रबुद्धला न विचारता समोरच्या भिंतीवर ग्राइंडर लावला. तो सारखा थांबा म्हणतो, त्याने कामाची गती जाते.
दहा मिनिटांत गल्ली बंद. समोरचे सुक्या मेव्याचे दुकानदार, शेजारचे भांडीवाले, दोन्हीकडची गिऱ्हाइकं, सगळे शिंकत मुख्य रस्त्यापर्यंत. बेगम बाजारात जन्मलेली माणसं शटर ओढून बाहेर उभी राहिली. व्यापाऱ्यांचं शिष्टमंडळ आलं. म्हणाले, कायकू परेशान करते साब.
थोडक्यात, प्रोजेक्टची चर्चा आज संपूर्ण बाजारात झाली. जाहिरात न करता.

१० फेब्रुवारी, सोमवार
तोडगा सापडला. तिखट लागलं की पाण्याने उतरत नाही, ताकाने उतरतं. घराघरात माहीत असलेली गोष्ट, पण इमारतींच्या क्षेत्रात कुणालाच सुचली नाही. टेम्पोभर ताक मागवून भिंती धुतल्या. हिम्मतराव म्हणाले, जिरं पण टाकायचं होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
गोदामाला कढीचा वास. आत सतरा मांजरं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
मांजरं शिंकत निघून गेली. म्हणजे मिरची शाबूत आहे.

९ मार्च, रविवार
प्रबुद्धची निष्ठा वाखाणण्यासारखी. दर रविवारी येतो. योगायोगाने मेघनालाही रविवारीच वेळ असतो. आज तिसऱ्या रविवारी दोघांनी वरच्या मजल्यावरची तीच पूर्वेकडची खिडकी मोजली. तिन्ही वेळा माप वेगळं. वजनमाप खात्यात हयात घालवलेल्या माणसाला हे सहन होत नाही. मी स्वतः टेप घेऊन वर जायला निघालो, तर हिम्मतरावांनी हात धरून बसवलं. म्हणाले, ऱ्हाऊ द्या साब, मोजू द्या त्यांना.

१७ मार्च, सोमवार
भिंतींना ऑइल पेंटचे तीन हात. फिकट गुलाबी. मिरची आत कोंडली गेली, विषय संपला. हिम्मतरावांना विचारलं, आता कसं वाटतंय. त्यांनी भिंतीला तळहात लावला, हुंगला आणि म्हणाले, साब, भिंतीत मिरची न्हाई. भिंतच मिरचीची झालीया.
अशिक्षितपणा. पण माणूस प्रामाणिक.

३० मार्च, रविवार. पाडवा
सुशीलाने गोदामाच्या दाराशी गुढी उभारली. मी एसींचं उद्घाटन केलं. आठही एकदम चालू. थंड हवा थेट तुळयांवर गेली आणि तुळयांवरची चौऱ्याण्णव वर्षांची धूळ खाली आली. तुळयांना रंग द्यायचा राहिला होता, हेरिटेज म्हणून.
सुशीला बाहेर जाऊन गुढीपाशी उभी राहिली. मग म्हणाली, आपल्या बरकतपुऱ्याच्या घरात काय वाईट आहे ते एकदा नीट सांगा. मी म्हटलं, वाईट काही नाही, पण त्याला इतिहास नाही. ती म्हणाली, मेघना तिथे चालायला शिकली. मी म्हटलं, तसा इतिहास नव्हे.

१४ एप्रिल, सोमवार
सुटी. साइट बंद. प्रबुद्धचा फोन लागत नाही. मेघना मात्र ऑफिसचं म्हणून बाहेर गेली आणि संध्याकाळी कपाळाला निळा गुलाल लावून आली. आयटी कंपन्यांत हल्ली काहीही साजरं करतात.

२० एप्रिल, रविवार
मॉडर्न लिव्हिंग सुरू. सकाळी मी आणि सुशीला वरच्या मजल्यावर राहायला आलो. ओपन किचन, मोठे सोफे, उत्तम उजेड. सुशीलाचे डोळे पाणावले. भावना अनावर होणं स्वाभाविक आहे.

२१ एप्रिल, सोमवार. सकाळी ११
सुशीला ऑटो करून बरकतपुऱ्याला परत गेली. जाताना म्हणाली, सवय झाली की कळवा. कुणाला सवय झाली की, ते विचारायचं राहिलं.

२४ एप्रिल, गुरुवार
मी खंबीर आहे. कोठीतून पोहण्याचा चष्मा आणला. तो लावून पेपर वाचता येतो, जेवताही येतं. फक्त जेवणाला चव नाही, कारण नाक बंद. संकल्प: एक महिना राहून दाखवायचं.

२६ एप्रिल, शनिवार
बरकतपुऱ्याला आलो. पाण्याचा पंप बघायला. सुशीलाने पंप ठीक आहे म्हणून सांगितलं. तरी थांबतो काही दिवस, पंपाचा भरवसा नसतो.

१८ मे, रविवार
ट्रायल इव्हेंट: वजनमाप खात्यातल्या निवृत्तांचं स्नेहसंमेलन. चाळीस जण आले. मी स्वागतपर भाषण केलं, पण शिंकांमुळे पहिल्या ओळीपलीकडे कुणाला काही ऐकू गेलं नाही. ग्रुप फोटोत सगळ्यांचे डोळे मिटलेले आहेत. एकटे श्रीपतराव सोनकांबळे शेवटपर्यंत खुर्चीत बसून राहिले. नाकाला रुमाल लावून म्हणाले, साहेब, जागा हवेशीर आहे.
माणसाला कदर असली पाहिजे, ती अशी.

१ जून, रविवार
आमच्या बरकतपुऱ्याच्या सोसायटीचे माजी सेक्रेटरी गेले. कडक गृहस्थ. नळाची चावी स्वतःच्या खिशात ठेवायचे. सेक्रेटरीपदाच्या अठरा वर्षांत त्यांच्याशी कुणी प्रेमाने बोललेलं मला आठवत नाही. शोकसभेला जागा मिळेना म्हणून मी हॉल देऊ केला.
काय सांगावं. सव्वाशे माणसं आणि प्रत्येकाच्या डोळ्यांना धारा. ज्यांच्या घरचं पाणी त्यांनी चार-चार दिवस तोडलं होतं, ते पहिल्या रांगेत हुंदके देत होते. वक्त्यांना बोलवेना. सेक्रेटरींच्या पत्नी नंतर माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, मी एकेचाळीस वर्षं त्यांच्याबरोबर काढली भाऊजी, ते इतके लोकप्रिय होते हे मला कधी कळलंच नाही.

६ जुलै, रविवार
पाच आठवड्यांत नऊ शोकसभा. एकही लग्न नाही, बारसं नाही. ठीक आहे, ब्रँड हळूहळू तयार होतो. काल तर दोन सख्खे भाऊ आले होते, वडिलांच्या शोकसभेला. बारा वर्षं कोर्टात भांडतायत. एकमेकांचे भिजलेले चेहरे बघून गळ्यात पडले आणि खटला मागे घ्यायचं तिथेच ठरवलं. वकील पण रडत होता. त्याचं कारण वेगळं असावं.
बाजारात हॉलला रोनेवाला हॉल म्हणू लागलेत. हिम्मतरावांना ताकीद दिली की फोनवर भालकीकर्स १९३१ म्हणायचं. ते म्हणाले, म्हणतो साब, पण मंग लोक राँग नंबर म्हणून ठेवून देतात.

२० जुलै, रविवार
मेघनासमोर स्थळांची फाइल ठेवली. हॉल आपला आहे, आता मुलगा निवडायला उशीर नको, असं समजावलं. तिने फाइल न उघडता बाजूला सरकवली. म्हणाली, बाबा, माझं आणि प्रबुद्धचं ठरलंय.
मी विचारलं, काय ठरलंय. खिडकीचं माप?
सुशीलाने डोक्याला हात लावला.
चौकशीअंती कळलं ते असं. सुशीलाला पाडव्यापासून माहीत. हिम्मतरावांना फेब्रुवारीपासून. समोरच्या सुक्या मेव्याच्या दुकानदाराने तर मेघनाला शुभेच्छा म्हणून अंजीर दिले होते. ते मी खाल्ले.

२१ जुलै, सोमवार
माझी भूमिका स्पष्ट आहे. मला आक्षेप नाही. मी आधुनिक विचारांचा माणूस आहे, आयुष्यभर. जातपात मी मानत नाही. हे मी सकाळपासून सुशीलाला चार वेळा सांगितलं. चौथ्या वेळी ती म्हणाली, मला कशाला सांगताय, श्रीपतरावांच्या घरी जाऊन सांगा.
मी म्हटलं, त्यांचं घर कुठे आहे ते मला नेमकं माहीत नाही.

२७ जुलै, रविवार
श्रीपतरावांच्या घरी गेलो. आमच्या घरापासून चालत पंधरा मिनिटं. मला का कोण जाणे, लांब आहे असं वाटत होतं. तीस वर्षं एका ऑफिसात. ते आमच्याकडे दर दिवाळीला यायचे, मेघनाच्या बारशाला आले होते, माझ्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात बसून होते. आज मी पहिल्यांदा त्यांचा जिना चढलो.
मालनबाईंनी, म्हणजे त्यांच्या मिसेसनी, दार उघडलं. मला बघून आधी आत बघितलं, मग म्हणाल्या, या ना, बसा. मी पाठ केलेलं वाक्य म्हणालो, की मी जातपात मानत नाही. पंखा फिरत होता. मग श्रीपतराव म्हणाले, साहेब, चहा घ्या.
चहा उत्तम. दोन कप घेतले. निघताना मी म्हटलं, आता साहेब म्हणू नका. ते म्हणाले, प्रयत्न करतो साहेब.
एक मुद्दा मात्र मी ठामपणे मांडून आलो: लग्न आपल्याच हॉलमध्ये. हॉल त्यासाठीच केला.

२४ ऑगस्ट, रविवार
मेघना ऐकत नाही. म्हणते, माझ्या लग्नात लोकांनी हसावं एवढीच इच्छा आहे. प्रबुद्धने मधला मार्ग सुचवला: दोन्ही घरच्या माणसांनी एकदा हॉलमध्ये जेवून बघावं. कुणाला त्रास झाला नाही तर लग्न तिथेच. मी लगेच मान्य केलं. तीन आठवडे हातात आहेत. कापूर, कॉफी पावडर, कोळसा, पंखे, सगळं लावतो.

१४ सप्टेंबर, रविवार
जेवणाची परीक्षा. आम्ही तिघं, ते तिघं, दारात हिम्मतराव. मेनू: बगारा भात, दालचा, पुरणपोळी.
पहिल्या घासाला प्रबुद्ध शिंकला. दुसऱ्याला मेघना. सुशीलाने पोळी तशीच ठेवून पदर तोंडाला लावला. मालनबाई डोळे पुसत पुसत म्हणाल्या, पुरण छान झालंय. श्रीपतरावांच्या चेहऱ्यावरून पाणी ओघळून शर्टावर पडत होतं. माझा चेहरा बघून ते म्हणाले, साहेब, मला तर काही त्रास होत नाही, इथेच करू लग्न.
मेघनाने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.
मी ताट बाजूला सरकवलं. मग विचारलं, तारीख कोणती धरलीय. ९ नोव्हेंबर. मी म्हटलं, अरे, त्या दिवशी तर हॉल बुक आहे. शोकसभा. महिनाभर आधी शब्द दिलाय, धंद्यात शब्द मोडता येत नाही. सॉरी, तुम्हाला दुसरीकडे बघावं लागेल.
प्रबुद्ध म्हणाला, हो काका. नम्र मुलगा, पहिल्यापासून.

१५ सप्टेंबर, सोमवार
हिम्मतरावांना सांगितलं, ९ नोव्हेंबरला कुणाचंही बुकिंग घ्या. ते म्हणाले, साब, माणूस मेल्याबिगर बुकिंग कसं घेऊ.

९ नोव्हेंबर, रविवार. सायंकाळी ६
लग्न झालं. रजिस्टर परवाच केलं, आज श्रीपतरावांच्या कॉलनीतल्या समाजमंदिरात विधी आणि जेवण. पत्र्याचं छप्पर, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, हेरिटेज मूल्य शून्य. तरी लोक शेवटपर्यंत बसून होते आणि एकमेकांशी बोलत होते. विधी छोटा, पाऊण तासात आटोपला. मेघना पूर्ण वेळ हसत होती. तिचे दात इतके सरळ आहेत हे माझ्या लक्षातच नव्हतं.
पाहुण्यांना हॉलची कार्डं वाटली. एका गृहस्थांनी कार्ड वाचून परत दिलं. म्हणाले, देव करो आणि गरज न पडो.
जेवताना मागून कुणीतरी तीनदा नरहरराव, नरहरराव अशी हाक मारली. मी वळलो नाही, मला वाटलं दुसरा कुणी नरहरराव असेल. श्रीपतराव होते. जिलबी वाढत होते.

२४ नोव्हेंबर, सोमवार
बैठक झाली. सुशीला, मेघना, प्रबुद्ध. मी अध्यक्ष. ठराव असे. वरच्या मजल्याचा गिलावा काढून भिंती वर्षभर उघड्या ठेवायच्या. खालचा हॉल हिम्मतराव चालवणार, कारण लोक त्यांनाच विचारत येतात. मी सल्लागार. सल्ला कोणत्या विषयावर द्यायचा ते कळवलं जाईल.
बाथरूमची कडी निघालीय. पेचकस शोधत होतो. सुशीला म्हणाली, राहू द्या, प्रबुद्धला सांगितलंय.

१४ डिसेंबर, रविवार. दुपारी ४
सल्लागार या नात्याने हॉलची अचानक पाहणी करायला गेलो. आत कुणाची तरी शोकसभा चालू होती. हिम्मतराव म्हणाले, कळवून यायचं साब, मागं खुर्ची न्हाई. आणि त्यांनी मला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं.
पाच मिनिटांत डोळ्यांतून पाणी. शेजारच्या बाईंनी माझा हात हातात घेतला. विचारलं, तुमचे कोण होते. मी म्हटलं, हा हॉल माझा आहे. त्या म्हणाल्या, होतं असं सुरुवातीला, काही सुचत नाही.
त्यांनी मला पाणी पाजलं. मग घरच्या मंडळींनी फोटोला फूल वाहायला मला सगळ्यांच्या आधी बोलावलं. फोटोतले गृहस्थ माझ्या ओळखीचे नव्हते. फूल वाहिलं आणि बसने घरी आलो.